वेंकोबामामांचा पडणारा ब्रेकर

आमच्या कुंभकोणात मुलगी बघायला गेलेली माणसं विचारणार नाहीत इतके प्रश्न वेंकोबामामा एका जुन्या सर्किट ब्रेकरला विचारतात. त्याच्यासमोर स्टूल टाकून बसतात, चष्मा पुसतात आणि थेट त्या लोखंडाशी बोलायला लागतात. "कोण्या घरचा तू? तेथोन का निघालास? मोठी आग पाहिलीस काय कधी?" ब्रेकर गप्प. मामा हिरमुसत नाहीत. "लाजतो आहे," म्हणतात.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. वीजखात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते गावातल्या यच्चयावत मराठी घरांचे मामा आहेत. आमचे पूर्वज मराठा राजांबरोबर इकडे तमिळ मुलखात आले आणि त्यांची मराठी इथेच मुरली. पुण्याचा पाहुणा मामांचं बोलणं ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, एखादी बखरच पँट घालून उभी आहे. मधूनमधून तमिळमध्ये "अय्यो" म्हणणारी बखर!

माझी भाताची गिरणी आहे, तिरुनागेश्वरम् रस्त्यावर. तिचं वीजपॅनेल आजोबांच्या काळातलं. त्यातला मुख्य ब्रेकर म्हणजे तुमच्या घरातलं चिमुकलं बटण नव्हे. चाकं लावलेली ट्रंकच ती, कपाटात ढकलावी तशी पॅनेलच्या खणात ढकलायची. विजेचा घोटाळा झाला की त्यानं आपण होऊन पडायचं, म्हणजे वीज तोडायची, आणि गिरणी वाचवायची, एवढंच त्याचं काम. यंदा ऐन कापणीत तो असा जळाला की धूर पाहून स्वामिमलैच्या भाविकांनी हात जोडले म्हणतात. नवा घ्यावा तर कंपनीनं तो नमुना कधीच बंद केलेला, आणि आजचा ब्रेकर त्या खणात बसत नाही. अख्खं पॅनेल बदलायला कैक महिने. तोवर भात गप्प बसेल?

भात गप्प बसत नव्हतं. सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या शेतकऱ्यांनी ओलं भात आणून ओतलेलं, वर ऐप्पसी महिन्याचा पाऊस, आणि ड्रायर बंद. ढिगात हात घातला की चटका बसायचा. कडेच्या दाण्यांना मोड फुटलेले. मला तर रात्री स्वप्नात गिरणीच्या छपरातून लोंब्या बाहेर आलेल्या दिसायच्या. शेतकरी फाटकापाशी बसून माझ्याकडे बघत.

शेवटी कोइमत्तूरहून एक ब्रेकर आला, बंद पडलेल्या सूतगिरणीतला, तिथल्या कारखान्यानं खोलून, साफ करून, स्प्रिंगा आणि वीज जिथे जुळते-तुटते ते संपर्काचे तुकडे बदलून तयार केलेला. सोबत चाचणीचा कागदही होता. मामांनी तो वाचला. "जातक बरें आहे. पण जातक बरें असोन संसार बुडालेले मीं पाहिले आहेत."

"मामा, भाताला मोड आलेत!"

"येवोत. मज पडणारा हवा, पांडू. धरोन बसणारा नको."

हे त्यांचं पालुपद. सगळं जग ब्रेकर पडला की कपाळाला हात लावतं. मामा ब्रेकर पडला की पेढे वाटायला निघतात. त्यांनी ब्रेकर बाहेरच ठेवून हातानं लावला आणि चाचणीच्या यंत्रानं पाडला. खट्! बाहेर शेतकरी उठले, "करंट वंदुडुच्चा?" म्हणजे वीज आली का? नाही आली. ते बसले. मामांनी परत लावला, परत पाडला. खट्! परत सगळे उठले. त्या दिवशी त्या शेतकऱ्यांनी जितक्या उठाबशा काढल्या तितक्या कुठल्याही शाळेनं मुलांना काढायला लावल्या नसतील. दर खेपेस मामा वाकून संपर्काचे तुकडे हुंगत होते.

अखेर म्हणाले, "सरी, ठीक आहे. घालूं या खणांत."

ब्रेकर खणात गेला आणि मामांची दुसरी खोड सुरू झाली. वीज जोडायच्या क्षणी ते खोलीत कुणाला थांबू देत नाहीत. फोरमन सेल्वमला ड्रायरचे पट्टे बघायला पिटाळलं. रखवालदाराला पिल्लैयारसाठी, म्हणजे गणपतीसाठी, फुलं आणायला. मला म्हणाले, "डिग्री कॉफी आण. कोपऱ्यावरली नको, तळ्याकाठची. ती कोमट झाली तर परत जाशील."

गावात यावर नाना तर्क आहेत. कुणी म्हणतं, मामा मंत्र टाकतात. कुणी म्हणतं, जिभेनं तार चाटून व्होल्टेज सांगतात. मी स्वतः ही दुसरी गोष्ट निदान शंभर जणांना सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी तार थोडी जाड केली आहे.

फाटकापर्यंत गेलो आणि लक्षात आलं, फ्लास्क आतच राहिला. परत आलो. पॅनेलच्या खोलीबाहेर एका फळीवर मामांचं घड्याळ, अंगठी आणि घराची किल्ली नीट मांडून ठेवलेली. आत मामा पॅनेलच्या समोर नाही, बाजूला भिंतीला चिकटून उभे. जाड हातमोजे. तोंड पॅनेलकडून पुरतं वळवलेलं. डावा हात पाठीमागे. उजवा बटणाकडे जात होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जुनं पॅनेल, पुन्हा जिवंत केलेला ब्रेकर. काही राहून गेलं असेल तर जोडणाऱ्याच्याच अंगावर फुटायचं.

"मामा!"

"अय्यो! कॉफी कोठे?"

"किल्ली बाहेर का ठेवलीत?"

ते चिडले. "घरीं मांजर आहे. कोणी दार उघडोन तिज दूध घालील ना? जा तूं. तुझीं लेंकरें आहेत."

मामी जाऊन कैक वर्षं झाली. मूलबाळ नाही. हे मला ठाऊक होतं. पण ते एकटेपण असं, हातमोजे घालून उभं राहिलेलं, कधी पाहिलं नव्हतं. बाहेर भात तापत होतं, आणि मला एकदम वाटलं, तापू दे.

"राहू द्या, मामा. वाट बघू नव्या पॅनेलची."

"वेडा आहेस. भात कुजेल. मीं तपासला आहे, ब्रेकर गुणी आहे."

"मग मी थांबतो."

"थांबूं नकोस."

"गुणी आहे ना?"

मामांनी हातमोजा मनगटावर घट्ट ओढला. मग पुटपुटले, "मागें हो. आणखी मागें. दारापाशीं. तोंड फिरव."

मी तोंड फिरवलं. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं: त्यांचा हात बटणापाशी गेला, मागे आला, परत गेला.

खट्!

काही फुटलं नाही. पॅनेल घुमू लागलं, पलीकडे ड्रायरचा पंखा फिरला, आणि बाहेर शेतकऱ्यांनी असा आरडाओरडा केला की तिरुप्पनंदाळच्या मठातले स्वामी ध्यानातून उठले असतील.

मामा स्टुलावर बसले. हातमोजा काढला आणि आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. पिंपळाच्या पानासारखा थरथरत होता.

"इतकीं वर्षें जोडीत आलों, पांडू," ते म्हणाले, "हा कधीं हलला नाही रे. आज मागें कोणी होतें."