ट्रॅस्कबाईंचा टीव्ही आणि बारावी जागा

आमच्या गावात एखादी गोष्ट तडीस न्यायची असली की ती व्हर्जिल डॉब्सकडे सोपवतात. म्हणजे माझ्याकडे. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं! आता गाव हे म्हणतं तेव्हा ते माझ्या टायरच्या दुकानात बसलेलं असतं आणि फुकटची कॉफी पीत असतं, हा भाग सोडा. पण म्हणतं!

त्या वर्षी आमच्या हाय प्लेन्स स्टेटच्या पोरांनी फुटबॉलमध्ये नुसता कहर केला होता. टीमचं नाव पॉर्क्युपाइन्स, म्हणजे साळिंदरं. अकरा सामने जिंकले आणि एक हरला. तोही बर्फाच्या वादळात, जिथे चेंडू नेमका कुणाकडे आहे हे खुद्द चेंडूलाही सांगता आलं नसतं. आमच्या विद्यापीठाच्या इतिहासात प्लेऑफ हा शब्द आजवर आम्ही फक्त दुसऱ्यांच्या बाबतीत वापरला होता. आता तो दारात येऊन उभा होता.

पण प्लेऑफला जाणाऱ्या बारा टीम निवडते एक समिती. हॉटेलातल्या बंद खोलीत बसून. आणि समितीने काय ठरवावं हे आठवडाभर टीव्हीवरून ओरडून सांगतो ग्रेडन पाइक. या गृहस्थाचे दात इतके पांढरे की बघताना आमचा डुकरं पाळणारा दोस्त मर्ल गॉगल लावतो. मंगळवारी यादी आली. आम्ही तेरावे! आणि बारावे कोण? तर सेंट ऑबिनचे पेलिकन्स. तीन सामने हरलेले!

"बरोबरच आहे," पाइक म्हणाला. "पेलिकन्स कुणाशी खेळले ते बघा. आणि ही साळिंदरं कुणाशी खेळली? मुळात ही साळिंदरं असतात कुठे?"

मग त्याने नकाशा दाखवला. नकाशात आमचं विद्यापीठ शेजारच्या राज्यात होतं!

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्याच संध्याकाळी सभा भरली. डोक्यावर साळिंदराच्या काट्यांच्या टोप्या घालून अख्खं गाव हजर. मी खुर्चीवर उभा राहिलो.

"मंडळी, किती दिवस सोसायचं? हे चॅनल आपल्या पैशावर जगतं आणि आपल्यालाच नकाशातून हाकलतं! मी म्हणतो, बहिष्कार! उद्याच्या उद्या सगळ्यांनी कनेक्शन तोडायचं!"

टाळ्यांनी छताची धूळ खाली आली. मर्ल हॉफश्नायडर जागेवरून ओरडला, "मी तर डिशच उपटतो!" आणि त्याने खरंच उपटली. ट्रॅक्टरला साखळी बांधून. डिशबरोबर छपराचा एक कोपराही आला, पण क्रांती म्हटल्यावर एवढं चालायचंच. पास्टर लिंडक्विस्ट यांनी चर्चमधलंही कनेक्शन तोडलं. हॉलच्या दारावर मी स्वतःच्या हाताने फलक लावला, "या चॅनलला इथे थारा नाही!" मग घराघरातले टीव्हीचे सेट-टॉप डबे माझ्या ट्रकमध्ये गोळा केले आणि केबल कंपनीच्या काउंटरवर नेऊन ओतले. तिथली पोरगी हबकलीच. लढाई जिंकून घरी येणाऱ्या सेनापतीसारखा मी परतलो.

शनिवारी आमच्या पोरांनी शेवटचा सामनाही दणक्यात जिंकला. रेडिओ ऐकून आम्ही नाचलो. संध्याकाळी माझी बायको ज्युनेल भांडी पुसता पुसता म्हणाली, "उद्या त्या बारा टीम जाहीर करणार ना रे?"

"करणार! आणि आपण त्यात असणार!"

"कुठल्या चॅनलवर?"

मी उठलो. मग बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसलो. आत बसवेना.

रविवारी सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर प्रत्येकाचा चेहरा तसाच होता. म्हणजे प्रत्येकाच्या बायकोने भांडी पुसता पुसता तोच प्रश्न विचारला होता. फोनवर बघावं म्हटलं, तर आमच्याकडे रेंज मिळवायला धान्याच्या कोठीवर चढावं लागतं, आणि वर बर्फ साचलेला. केबल कंपनीला फोन केला, तर म्हणे, "एकदम एवढे अर्ज आलेत, फेब्रुवारीत माणूस पाठवू."

"रेडिओ आहे की," कुणीतरी पुटपुटलं.

"रेडिओवर त्या वेळी शेतमालाचे भाव सांगतात," मर्ल म्हणाला. "मला विचार ना, मी तेच ऐकतो."

मग पास्टरनी घसा साफ केला. "गावात एक टीव्ही अजून चालू आहे. पण..."

त्या "पण"चा अर्थ सगळ्यांना कळला. ट्रॅस्कबाई!

इमोजीन ट्रॅस्क. आम्हा सगळ्यांना शाळेत भूमिती शिकवलेली बाई. गावात एकमेव व्यक्ती जिने बहिष्काराला "नाही" म्हटलं होतं, कारण तिचं शिक्षण झालं सेंट ऑबिनला! लग्न करून इथे आली, नवरा गेला तरी इथेच राहिली, पण पेलिकन्स काही सोडले नाहीत. हॉलमधल्या सभेनंतर तिच्या दारात मी डबा मागायला गेलो होतो, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "व्हर्जिल, तू आठवीतही आधी उत्तर लिहायचास आणि मग गणित वाचायचास."

प्रार्थना नेहमीपेक्षा जरा आटोपशीर झाली. पास्टरनी नोहाला तारवात चढवलं आणि पाऊस पडायच्या आतच आमेन म्हटलं. आम्ही सगळे गाड्या काढून बाईंच्या दारात.

बाईंनी दार उघडलं. अंगणात पन्नासेक माणसं, टोप्यांवर काटे, पायाला चिखल. बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"गृहपाठ विसरला वाटतं?"

"बाई," मी म्हणालो, "जरा... म्हणजे... टीव्ही..."

"आत या. पण जॅकेटं ओली आहेत, ती गॅरेजमध्ये. बूट दाराशी. आणि ते काटे आधी काढा. माझ्या सोफ्यात एक जरी घुसला तर एकेकाला बाकावर उभं करीन!"

पन्नाशी उलटलेले आम्ही बाप्ये, निमूट टोप्या काढून मोज्यांवर आत गेलो. जॅकेटांबरोबर आमची सगळी निशाणंही गॅरेजमध्ये गेली. उरलो आम्ही, चर्चच्या कपड्यांत, अंत्ययात्रेला आल्यासारखे. सोफ्यामागच्या भिंतीवर पेलिकन्सचा नारिंगी झेंडा, छतापासून सोफ्यापर्यंत. बाईंना आम्ही येणार हे माहीत असावं, कारण चुलीवर चिलीचं, म्हणजे मांस आणि राजम्याच्या झणझणीत रश्श्याचं, मोठं पातेलं रटरटत होतं. सोबत दालचिनीचे गोड रोल. पण सोफा पांढरा! म्हणून प्रत्येकाच्या कॉलरमध्ये बाईंनी स्वतःच्या हाताने एकेक नारिंगी नॅपकिन खोचला. नॅपकिनवर पेलिकन, तो लांब चोचीचा पाणपक्षी.

"बाई, हे मात्र..." मर्ल कळवळला.

"सांडणार नाहीस याची हमी देतोस?"

मर्लने शर्टाकडे बघितलं. त्यावर सकाळचं अंडं होतं. त्याने नॅपकिन नीट केला.

जाहिराती चालू होत्या. मला राहवेना. "बाई, खरं सांगा. बारा सामने जिंकलेली टीम बाहेर आणि तीन हरलेली आत, हे कुठल्या भूमितीत बसतं?"

"हरली कुणाशी? देशातल्या पहिल्या तीन टीमशी. तुम्ही जिंकलात कुणाशी? त्यातल्या दोन टीमना तर बसभाडं परवडत नाही!"

"आमच्याशी कुणी मोठं खेळायलाच येत नाही हो! बोलावलं तर म्हणतात थंडी आहे!"

"थंडी असतेच."

"पण मग आम्ही करायचं काय? आणि तो पाइक! आम्हाला शेजारच्या राज्यात टाकतो!"

"ते चूक होतं," बाई म्हणाल्या. "मी त्याला त्याच रात्री कळवलं. अक्षांश-रेखांशासकट."

इतक्यात बेल वाजली.

दारात बर्फाने माखलेली एक तरुणी. खांद्यावर कॅमेरा. नाव ब्रीएल. चॅनलने काठावरच्या टीमच्या चाहत्यांकडे माणसं पाठवली होती, त्यात आमच्या वाट्याला ही आलेली.

"मी हॉलवर गेले होते," ती धापा टाकत म्हणाली. "तिथे कुलूप! म्हणून परत निघाले, तर इथे एवढ्या गाड्या दिसल्या. तुम्ही चाहते आहात का?"

बाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. उत्तर मी दिलं. अर्थातच मी दिलं!

"चाहते? अगं, कट्टर! या घरात बसलेला एकेक माणूस जीव देईल! घाल तुझ्या टीव्हीवर! अख्ख्या देशाला कळू दे!"

तिने माझ्या नॅपकिनकडे बघितलं. माझ्यामागच्या झेंड्याकडे बघितलं. तिचे डोळे चमकले. "इथे? या गावात? वा!" म्हणाली, आणि फोन लावायला बाहेर पळाली. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा प्रभाव.

मग ती कॅमेरा टीव्हीच्या बाजूला लावून उभी राहिली आणि पाइक पडद्यावर आला. मर्लने गॉगल लावला. एकेक नाव येऊ लागलं. पहिली, दुसरी, पाचवी... ज्युनेलने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. माझ्या मनात एकच विचार. एकोणीस-वीस वर्षांची ही पोरं, त्यातली निम्मी आमच्याच तालुक्यातली, वाऱ्यात आणि गारठ्यात घाम गाळणारी. एकदा तरी त्यांचं नाव कुणीतरी मोठ्याने घ्यावं!

"आणि बारावी, शेवटची जागा," पाइक म्हणाला. मग जाहिरात!

मर्लने जे म्हटलं ते पास्टरनी ऐकलं नाही असं दाखवलं.

जाहिरात संपली. पाइकने कागद उलटा केला. "हाय प्लेन्स स्टेट!"

काय सांगू! छप्पर उडालं! मी पास्टरना उचललं, मर्लने मला उचललं, ज्युनेल सोफ्यावर चढून नाचत होती, पांढऱ्या सोफ्यावर! कुणी रडत होतं, कुणी चिलीचा वाडगा डोक्यावर धरून फिरत होतं. आणि या गोंधळात माझी नजर बाईंकडे गेली. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांची टीम गेली होती. चेहरा उतरला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि टाळ्या वाजवायला लागल्या. हळूहळू, पण मनापासून.

"छान खेळली तुमची पोरं," त्या म्हणाल्या. "तो बचाव तर नमुनेदार. मी बुधवारीच म्हणणार होते, पण तुमची क्रांती चालू होती."

तेवढ्यात मर्ल ओरडला, "अरे, आपण टीव्हीवर!"

खरंच! थोड्या उशिराने का होईना, पडद्यावर आम्हीच उड्या मारत होतो. मी, पास्टर, नॅपकिन, मागे तो भलामोठा झेंडा. आणि खाली ठळक अक्षरांत पट्टी, "सेंट ऑबिनच्या चाहत्यांची दिलदारी!"

आम्ही होतो तिथे गोठलो. मर्लने मला अजून खाली ठेवलं नव्हतं.

"बघा हे दृश्य," पाइकचा आवाज भरून आला होता. "यांची टीम आत्ता बाहेर फेकली गेली. तरी प्रतिस्पर्ध्याच्या आनंदात कसे नाचतायत बघा! मित्रांनो, पेलिकन्सच्या चाहत्यांसारखे चाहते जगात नाहीत!" त्याने डोळे टिपले. "आणि हाय प्लेन्सचे चाहते? त्यांच्याही दारात आम्ही गेलो होतो. बघा."

पडद्यावर आमचा हॉल आला. अंधार, कुलूप, बर्फ, आणि दारावर माझ्या हस्ताक्षरातला तो फलक.

"काही लोकांना कशाचंच कौतुक नसतं," पाइक म्हणाला.

मग बाई हसायला लागल्या. आधी हळू, मग टेबलाला धरून. मग ज्युनेल. मग पास्टर. मला सोडून अख्खं गाव हसलं!

सोमवारी सकाळी मी दुकान उघडायच्या आधी चॅनलच्या तक्रार विभागाला फोन लावला. आज सोक्षमोक्ष!

"बोला सर," पलीकडून एक मुलगी म्हणाली.

"काल तुम्ही एका घरातली माणसं दाखवलीत. नॅपकिन खोचलेला, हवेत उचललेला जाड माणूस आठवतो?"

"अय्या! तुम्ही ते?" ती किंचाळलीच. "अहो, आमचं अख्खं ऑफिस रडलं! माझी आई रडली! थांबा हं, साहेबांनी सांगूनच ठेवलंय, त्या मंडळींपैकी कुणाचा फोन आला तर त्यांच्या गावाला वर्षभर कनेक्शन फुकट! केबलवाल्यांना सांगून उद्याच माणूस पाठवते, प्लेऑफच्या आधी सगळं चालू! फक्त खात्री करायची म्हणून विचारते सर, तुम्ही पेलिकन्सचेच ना?"

प्लेऑफचा सामना त्याच चॅनलवर होता. आमच्या पोरांच्या आयुष्यातला पहिला. आणि केबलवाला फेब्रुवारीत येणार होता.

मी दुकानाबाहेर बघितलं. कुणी नव्हतं. दार लावून घेतलं.

"जन्मापासून," मी म्हणालो.

"मग एकदा घोषणा द्या ना सर! स्पीकरवर टाकते, सगळे ऐकतायत!"

आता तुम्हीच सांगा, गावासाठी माणूस काय करत नाही? दिली. चांगली खणखणीत दिली.

मागे वळून बघितलं तर कॉफीच्या भांड्यापाशी मर्ल उभा. तो पहाटेच मागच्या दाराने आला होता.