तुस्कानोने धरून ठेवलेली खुर्ची

तुस्कानोसमोर समोसा अर्धा टाकून उठू नये. तो बशी जवळ ओढतो, "टाकणार होतास ना?" म्हणतो आणि संपवतो. भूक असते म्हणून नव्हे. अर्धं काही दिसलं की त्याला चैन पडत नाही. मीटिंगमध्ये 'खलास' म्हणत सगळे उठले, तरी हा 'थँक यू'ची स्लाइड येईपर्यंत बसून असतो.

वसईचा हा माणूस शारजातल्या आमच्या कॉलेजात रेकॉर्ड्स सांभाळतो. मी शेजारीच, अकाउंट्समध्ये. आमच्याकडे दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळते, पण बरीच पोरं ती पुरी न करताच युनिव्हर्सिटीत निघून जातात. तिथे पास केलेल्या विषयांची क्रेडिट्स मागवून आमच्याकडच्यांत मिळवायची, बेरीज पुरेशी झाली की आमची राहिलेली डिग्री द्यायची. फक्त पोराची परवानगी लागते. या कामासाठीच देवाने तुस्कानो घडवला असावा.

अडचण एकच. इथे अनोळखी माणूस फोनवर अभिनंदन करतो तो बहुधा लॉटरीवाला भामटा असतो. तुस्कानो गोड आवाजात 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हणायचा आणि पोरं नंबर ब्लॉक करायची. एका मुलीने शांतपणे विचारलं, "अंकल, यू वाँट माय ओटीपी ऑल्सो?" तेव्हापासून तो थेट आयांना फोन लावतो. "ताई, तुमचा मुलगा पास झालाय. त्यालाच माहीत नाय." आया आधी फी विचारतात, मग रडतात.

आता माझं. माझा ओंकार आमच्याच कॉलेजात होता. दोन वर्षांची डिग्री अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सांगायला मला हलकी वाटायची, म्हणून मीच त्याला मध्येच काढून इंजिनीअरिंगला घातलं. तिथे कसंबसं वर्ष काढून तो बाहेर पडला आणि इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजला लागला. ऑफिसात मी 'इंटर्नशिप' असं सांगून टाकलं. ती इंटर्नशिप काही संपेना, आणि भिडेखातर कुणी विचारेना. घरात आम्ही बापलेक त्याच्या आईमार्फत बोलायचो.

एका दुपारी कँटीनमध्ये तुस्कानो म्हणाला, "सावंत, ओंकारने तिकडे वर्ष काढलंय ना? मग आपली डिग्री झाली त्याची. त्यालाच माहीत नाय."

मी म्हणालो, "राहू दे. त्या अर्ध्या डिग्रीला कोण विचारतो?"

तुस्कानो उठून गेला. बशीत त्याचा समोसा अर्धा होता.

सुट्टीच्या दिवशी तो गॅरेजवर जाऊन आला, हे मला बायकोकडून कळलं. ओंकारने त्याला एवढंच विचारलं होतं, पप्पांनी पाठवलं का? आणि हा पठ्ठ्या हो म्हणाला. त्या एका 'हो'वर पोराने सही केली.

पदवीदान समारंभाच्या दिवशी काम असल्याचं सांगून मी खाली ऑफिसात बसून राहिलो. ओंकारने मलाच विचारलं तर काय तोंड दाखवणार? पण राहवेना. वर जाऊन हॉलचं दार ढकललं. पालकांच्या रांगेत बायको, आणि शेजारी माझ्या खुर्चीवर कोट घालून तुस्कानो.

ही त्याची जुनीच खोड. ज्या पोराचे आईबाप येत नाहीत, त्याच्या नावाला हा त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसतो, टाळ्या पिटतो, मग पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे पळतो. ऑफिसात आम्ही यावर खूप हसलोय. त्याच्या स्वतःच्या मुलाला कॅनडात डिग्री मिळाली, तेव्हा याचा व्हिसा आला नव्हता. मोबाइलवर बघत बसला होता. मुलाची रांग उभी राहिली आणि नेमकं नेट गेलं. नाव पुकारलेलं त्याने ऐकलंच नाही. हे मला माहीत होतं, तरी मी हसणाऱ्यांत असायचो.

मला पाहून तो उठला. "बस. तुझीच आहे."

मी कुजबुजलो, "अरे, तो विचारेल मला. मी पाठवलं होतं का म्हणून."

"अर्धं मी सांगितलंय," तो कोट झटकत म्हणाला. "राहिलेलं तू सांग."

मी टेकतोय तोच ओंकारचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या, थांबल्या. मागे भिंतीपाशी एकजण मात्र ओंकार पायऱ्या उतरून जागेवर बसेपर्यंत वाजवत राहिला.