टपालवाल्याचा डावा पाय

"हे? हे तर दोन मिनिटांचं काम आहे!"

मंडळी, हे वाक्य दिवसातून अठरा वेळा म्हटल्याशिवाय ज्याला घास गिळवत नसे, त्याला ऑफिसात सगळे 'दोनमिनिटे' म्हणत. एका नवख्या कुरिअरवाल्याने ते आडनाव समजून पाकिटावर लिहिलं, तर पठ्ठ्याने निमूटपणे सहीसुद्धा केली!

ऑफिस म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत कॉम्प्युटर, दुसरीत चहा आणि भांडणं. तिथे गेम बनायचे. मालकीण मॅडम, एक आवाजवाला (दार करकरण्याचा आवाज हवा असला की हा आपल्याच खुर्चीत वळायचा) आणि आपले दोनमिनिटे.

त्या वर्षी गेम होता एका गलेलठ्ठ टपालवाल्याचा. खांद्याला पिशवी, डोक्याला टोपी, मागे कुत्रं. आता गेममधला माणूस चालतो म्हणजे काय? तो कसला चालतोय! त्याची बारीक बारीक फरकाची चित्रं काढायची, एकात टाच उचललेली, पुढच्यात गुडघा वाकलेला, आणि ती भराभर एकामागून एक दाखवायची. डोळ्यांना वाटतं, स्वारी निघाली! ही चित्रं ज्या प्रोग्रॅममध्ये भरायची, त्याला म्हणतात गेम इंजिन. भरून झाली की 'लूप' नावाच्या चौकोनात खूण करायची, म्हणजे चित्रं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. नाहीतर टपालवाला दोन पावलं टाकून खांबासारखा उभा!

हे भरण्याचं काम दोनमिनिटेचं. आणि चित्रं काढणार त्याची सख्खी आत्या.

आत्या एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. "पोरांच्या गाईंचे पाचवे पाय खोडण्यात जन्म गेला," ती म्हणायची. "माझं स्वतःचं चित्र चार लोकांनी कधी पाहिलंच नाही." त्या पाचव्या पायांतला एक खुद्द दोनमिनिटेच्या गाईचा होता, हे तो सोयीस्करपणे विसरला होता.

काम घेताना आत्याने एकच विचारलं, "गेमच्या शेवटी नावं येतात ना रे? त्यात माझं येईल?"

"आत्या, पहिलं तुझं! तू फक्त काढ. स्कॅन करणं, फाइलींना नावं देणं, इंजिनात भरणं, सगळं माझ्याकडे. दोन मिनिटांचं काम!"

आत्याने नऊ चित्रं दिली. दोनमिनिटेने ती स्कॅन केली, चाल १, चाल २, अशी नऊपर्यंत नावं दिली आणि इंजिनात ओतली. टपालवाला चालला! मॅडम म्हणाल्या, "छान. पण जरा ठेचकाळल्यासारखा वाटतो. लोण्यासारखा चालायला हवा. अजून चित्रं मिळतील?"

"मिळतील म्हणजे? घरचंच दुकान आहे!"

आत्याने बारा दिली. आणि इथे माशी शिंकली.

बारा चित्रांचा टपालवाला एक पाऊल पुढे टाकायचा, कोणीतरी हाक मारल्यासारखा दचकून मागे यायचा आणि मग घाईघाईने निघायचा.

दोनमिनिटेने आत्याला फोन लावला. "आत्या, पाय चुकलाय गं."

"कुठला?"

प्रश्न रास्त होता. दोनमिनिटेने पडद्याकडे बघितलं, आपल्या पायांकडे बघितलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "डावा!"

आत्याने बाराच्या बारा डावे पाय नव्याने काढले. तरी तेच. मग उजवे काढले. तरी तेच! आवाजवाला हळूच म्हणाला, "अरे, एकदा इंजिनात बघ की."

"इंजिन चुकत नसतं. इंजिनाला काय पाय असतात?"

आत्या हट्टाला पेटली. तिने घराबाहेरच्या व्हरांड्यात खडूने रेघा मारल्या आणि माणसांना चालायला लावलं. दोनमिनिटेची बायको भाजी द्यायला म्हणून गेली, ती खांद्यावर बटाट्यांची पिशवी घेऊन तासभर येरझाऱ्या घालून परत आली. "तुझ्या त्या टपालवाल्याने माझ्या कमरेचा टाका ढिला केला," ती म्हणाली. "तुला खात्री आहे ना, की चूक चित्रातच आहे?"

"शंभर टक्के!"

आत्याचे यजमान, म्हणजे काका, पुस्तकबांधणीवाले. चालून चालून त्यांचे पाय असे सुजले, की चपला दोन नंबर मोठ्या घ्याव्या लागल्या. असं म्हणतात, की रेघेवरून चालायच्या धास्तीने मीटर बघणाराही दोन महिने त्या मजल्यावर फिरकला नाही.

या तपश्चर्येतून आत्याने चोवीस चित्रं काढली. एकेक असं, की पिशवीच्या वजनाने खांदा कुठे झुकतो तेही दिसावं. गुरुवारी दोनमिनिटेने ती भरली.

अहाहा! टपालवाल्याच्या विजारीत लाल मुंग्यांचं वारूळ फुटलं! डावा पाय पुढे, पोट मागे, टोपी वर, पिशवी भलत्याच गावाला! आवाजवाल्याने त्याला उचकीचा आवाज लावला आणि खुर्चीवरून खाली पडला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "पुढच्या शुक्रवारी प्रकाशक कंपनीचे पाहुणे येताहेत," त्या म्हणाल्या. "हे दाखवायचं त्यांना?"

आणि मग दोनमिनिटेने ते केलं, जे आठवलं की आजही त्याचे कान लाल होतात. तो आत्याकडे गेला, तिचा हात हातात घेतला आणि खूप प्रेमाने म्हणाला, "आत्या, रागावू नकोस. वय कुणाला चुकलंय? एकदा हात दाखवून घे ना डॉक्टरांना."

रागावून बोलला असता, तर आत्याने पट्टी काढली असती. पण प्रेमाने बोलला!  आपला उजवा हात आत्याने दुसऱ्याच कुणाचा असावा तसा उलटसुलट करून पाहिला.

शनिवारी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी वर्तुळ काढायला लावलं. तिने एका दमात असं गरगरीत काढलं, की त्यांनी ते भिंतीवर लावलं! "हात ठणठणीत आहे," ते म्हणाले. पण आत्याला वाटलं, भले गृहस्थ आहेत, मन राखताहेत. ती फारच हटून बसल्यावर त्यांनी एक रबरी चेंडू दिला, "दाबत बसा हवं तर."

मंगळवारी दोनमिनिटे मूळ चित्रं आणायला गेला. मॅडमनी दुसरा चित्रकार बघायला सांगितलं होतं. आत्याने ब्रश धुऊन, पुसून एका डब्यात भरून ठेवले होते. डबा शेजारच्या मुलीला द्यायचा होता.

"रविवारी चेंडूने हात मोकळा करून चोविसाव्या चित्राची टाच जराशी सुधारली आहे," ती म्हणाली. "पुन्हा एकदा घालून बघ. नाहीच जमलं तर दे दुसऱ्या कुणाला. आणि ते नाव… नको टाकूस."

एवढं बोलून ती दूध आणायला खाली गेली. दोनमिनिटे काकांकडे वळला. "काका, चित्रं कुठायत?"

काकांनी एक छोटी वही पुढे केली. त्यांना सुटे कागद बघवत नसत. त्यांनी चोवीसही चित्रं नीट क्रमाने लावून, कडेने दोरा घालून शिवून टाकली होती. "अंगठ्याने पानं सोड," ते म्हणाले.

फर्रर्र…

टपालवाला चालला! असा चालला, की बघणाऱ्याला त्याच्या पिशवीचं ओझं आपल्या खांद्यावर जाणवावं! लोणी कसलं, साक्षात तूप! दोनमिनिटेने पुन्हा पानं सोडली. पुन्हा चालला. कागदावर पायही चुकत नव्हता आणि हातही.

"मग तुझ्या मशिनीत याला काय होतं?" काकांनी चष्मा वर केला. "उघड बघू."

दोनमिनिटेने लॅपटॉप उघडला. घाम पुसला. इंजिनातली चित्रांची यादी काढली. काका बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले.

"चाल एक. चाल दहा. चाल अकरा, बारा… एकोणीस. चाल दोन. चाल वीस… अरे, ही कुठल्या शाळेत शिकली?"

दोनमिनिटेने यादी पुन्हा वरून खाली वाचली. इंजिन आकडे मोजत नव्हतं, शब्दकोशासारखं पहिलं अक्षर बघून लावत होतं! एकाने सुरू होणारी सगळी आधी, मग दोनाची, मग तिनाची. नऊ चित्रं होती तोवर ठीक. दहावं आलं आणि ते एकाच्या मागे जाऊन उभं राहिलं. आत्या जितकी जास्त मेहनत करत होती, तितका टपालवाला जास्त झिंगत होता! आणि उपाय काय? एक ते नऊच्या आधी एकेक शून्य लिहायचं. शून्य एक, शून्य दोन. बस्स. फाइलींना नावं त्याने ठेवली होती, आणि वर आत्यालाही त्यानेच नावं ठेवली होती.

"अशी पानं मी बांधली असती," काका म्हणाले, "तर गिऱ्हाइकाने मला खळीच्या पातेल्यात बुडवलं असतं."

दोनमिनिटेने शून्यं लिहिली. चित्रं भरली. टपालवाला डौलात निघाला. घड्याळ लावून पाहिलं असतं तर, खरं सांगतो, दोनच मिनिटं लागली.

"काका, आत्याला बोलू नका. मी सांगतो."

"सांग की," काका म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

आत्या दूध घेऊन आली. दोनमिनिटेने तोंड उघडलं. "आत्या, चालला!"

"चालला? कसा काय?"

खरं बाहेर पडायला दाराशी आलंच होतं, पण लाज आडवी झोपली होती. "ते… तू टाच सुधारलीस ना… ती लागू पडली."

"म्हणजे चेंडू लागू पडला!"

"हो… चेंडूच."

आत्याचा चेहरा असा उजळला, की दोनमिनिटेला तिकडे बघवेना. काकांकडे बघावं तर ते दातांनी दोरा तोडत होते.

बुधवारी त्याने फोन केला. "आत्या, एक सांगायचं होतं…"

"नंतर. चेंडू दाबतेय."

गुरुवारी तो स्वतः गेला. बघतो तर इमारतीच्या पायऱ्यांवर आठ-दहा माणसं चेंडू दाबत बसलेली! दुकानातले चेंडू संपले, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी बटाटा धरला होता. "हाच तो भाचा!" आत्या म्हणाली. "याने वेळेवर ओळखलं." आजोबांनी बटाट्याच्याच हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बिचारा पाणीही न पिता परत फिरला.

शुक्रवार उजाडला. प्रकाशक कंपनीचे तीन पाहुणे, आवाजवाल्याने उसन्या आणलेल्या खुर्च्या आणि पहिल्या रांगेत आत्या आणि काका. पडद्यावर टपालवाला चालला आणि एक पाहुणा नकळत आपल्या खांद्यावरची नसलेली पिशवी सावरू लागला!

मॅडमना भरून आलं. "ही चाल ज्यांनी काढली, त्यांचा हात मध्यंतरी बिघडला होता," त्या म्हणाल्या. "आमच्या याने ते ओळखलं, त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. अशी माणसं आहेत आमच्याकडे! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. त्यातल्या सगळ्यात मोठ्या आत्याच्या, चेंडू मांडीवर ठेवून. दोनमिनिटेला वाटलं, खालच्या सायकलवाल्याने फरशीला पंक्चर करावं आणि आपल्याला ओढून घ्यावं.

"थांबा," तो उठला. आवाज मांजराच्या पिल्लासारखा निघाला. "हात नव्हता बिघडला. चूक माझी होती. मी फाइलींना आकडे चुकीचे दिले. एकानंतर दहा लागला. आत्याचा एकही पाय चुकलेला नव्हता. पहिल्यापासून. मी तिला… मी तिला म्हातारी ठरवली."

खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

आत्या म्हणाली, "तीन दिवस लागले रे तुला."

"म्हणजे?"

"मंगळवारी तू जिना उतरून खाली पोचायच्या आत मला कळलं होतं. काकांच्या पोटात कधी काही राहिलंय? म्हटलं, बघू तरी पठ्ठ्या कधी तोंड उघडतो. चेंडू दाबून दाबून बोटं गेली माझी!"

"बटाटेवाले आजोबा…"

"त्यांचा आखडलेला खांदा खरंच सुटला. त्यांना काही बोलू नकोस." मग आत्याने पिशवीतून एक गठ्ठा काढला. "हे घे. हात रिकामा होता म्हणून काढलं. टपालवाल्याने चुकीच्या घरी पत्र टाकलं, तर तो काय करेल? शरमेने मान खाली घालेल. चोवीस चित्रं आहेत. स्कॅन करून भर. आत्ता, या सगळ्यांसमोर."

दोनमिनिटेने गठ्ठा उलगडला. टोपी टपालवाल्याची होती. पण टोपीखालचे ते बाहेर आलेले कान, कपाळावर चढवलेला तो चष्मा आणि ती आखूड हनुवटी रोज सकाळी आरशात त्याच्याच समोर यायची! प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आत्याने ठसठशीत आकडा घातला होता. ०१. ०२. ०३.

पाहुण्यांच्या नजरा पाठीवर घेऊन त्याने ती भरली. क्रम तीनदा तपासला. बटण दाबलं. पडद्यावरच्या टपालवाल्याने चष्मा सावरला, ओठ आवळले आणि अगदी हळूहळू मान खाली घातली. काय घातली! मॅडमनी पदर डोळ्यांना लावला.

आणि टपालवाल्याने झटकन मान वर केली. पुन्हा घातली. पुन्हा वर. पुन्हा खाली!

"लूप!" दोनमिनिटे किंचाळला. "लूपची खूण तशीच राहिली! काढतो, दोन…" आणि जीभ चावून तिथेच थांबला.

"काढू नकोस," आत्या म्हणाली. "बरोबर चाललंय."

पाहुण्यांनी गेम तिथल्या तिथे घेतला. शेवटी नावं येतात, त्यात पहिलं आत्याचं आहे, आणि त्याच्या शेजारी तो टपालवाला अजूनही मान खाली घालतो, वर काढतो, खाली घालतो. खुर्चीतल्या दोनमिनिटेच्या मानेला मात्र लूप नव्हता. ती त्या शुक्रवारी एकदा खाली गेली, ती गेलीच.