याकोबकाकांच्या लवंगा

उपासनेत प्रार्थना रंगात आली की याकोबकाका खिशातून दोन लवंगा काढतात, दाढेखाली धरतात आणि तोंड घट्ट मिटून घेतात. बरोबर त्याच वेळी बाकीच्यांची तोंडं उघडतात.

मुकुंदवाडीतल्या टायरच्या दुकानावर त्यांची ख्रिस्ती मंडळी भरते. पवित्र आत्मा अंगी आला की माणसाच्या तोंडून आपोआप एक भाषा निघते, जी त्याची त्यालाही कळत नाही. तिला अन्यभाषा म्हणतात. ती निघाली नाही तर तारणाचा, म्हणजे आत्मा तरल्याचा, पुरावा नाही, असं तिथले तरुण पास्टर शिकवतात. मी त्या मंडळीचा नव्हे, कुठल्याच मंडळीचा नव्हे. पण काकांचा गुडघा कामातून गेल्यापासून शेजारी म्हणून मी त्यांना पुंडलिकनगरहून स्कूटरवर नेतो आणि मागच्या खुर्चीवर बसून ऐकतो. एक बाई अन्यभाषेतसुद्धा सुनेला झापण्याच्याच सुरात बोलतात. पण ते असो.

काकांची दाढ दुखते, असा मंडळीत समज आहे. मागे माझ्या बाजूला बसणारे एक कंपाउंडर दर रविवारी ती काढून टाकायचा सल्ला फुकट देतात.

काकांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत गेली. कशालाही ते पहिल्यांदा विचारतात, ‘पुरावा?’ मी एकदा सर्दी झाली म्हणालो, तर रुमाल दाखवायला लावला होता. असा माणूस पुरावा मागणाऱ्या मंडळीत रमायला हवा. पण तिथंच त्यांचं बिनसलं.

कारण रूथकाकू. या बाईंनी आयुष्यभर साध्या मराठीत प्रार्थना केली, तीही मेथी निवडता निवडता. ‘देवा, आज नळ सोडायला सांग. आणि याकोबचा गुडघा बघ जरा.’ दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. स्मरणसभेत पास्टर म्हणाले, ‘भगिनी प्रेमळ होत्या. चिन्ह मात्र दिसलं नाही. पुढचं देव जाणे.’

काका तिथंच उभे राहिले. ‘पास्टरसाहेब, सातबाऱ्यावर नाव चढलं नाय म्हणून पेरलेलं उगवायचं राहत नाय. वहिवाट कोणाची, ते रानात जाऊन बघावं लागतं.’

‘काका, हे देवाचं घर आहे. तलाठ्याची कचेरी नाही.’

‘व्हय. तलाठीसुद्धा आधी पंचनामा करतो.’

तेव्हापासून काका बिनपुराव्याच्या लोकांसाठी ठेवलेल्या पुढच्या रांगेत बसतात. पास्टर डोक्यावर हात ठेवून म्हणतात, ‘जीभ सैल सोडा, काका.’ काका लवंग चावतात. मला वाटायचं, हा हट्ट आहे. कचेरीतल्या माणसाचा हट्ट मला समजतो.

गेल्या महिन्यात आठ दिवसांनी नळ आला. काकांना सांगायला म्हणून मी त्यांच्या परसात गेलो. ते नळापाशी डोळे मिटून उभे होते. बादली भरून वाहत होती, पाणी पायांवरून गटारीत चाललं होतं. आपल्या शहरात असं कोणी करत नाही. आणि त्यांच्या तोंडून शब्द निघत होते. मराठी नव्हे, उर्दू नव्हे, मला ठाऊक असलेली कुठलीच भाषा नव्हे. सूर मात्र कोणाची तरी समजूत काढावी तसा.

मी नळ बंद केला. काका दचकले.

‘काका, हे कधीपासून?’

‘रूथ गेली, त्याच्या चौथ्या महिन्यापासून.’

‘मग मंडळीत का नाही बोलत? पास्टर आनंदानं उडी मारतील.’

‘म्हणूनच नाय. तिथं तोंड उघडलं की तारलेल्यांत माझं नाव वाचतील. माझं एकट्याचं.’ त्यांनी बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. ‘सर, आमचं खातं सामायिक आहे. एकट्याच्या सहीनं फेरफार करून घेतला, तर ती राहिली ना बाहेर.’

या सगळ्यावर माझा विश्वास नाही. तरीही ती बादली मी आत नेऊन ठेवली.

पुढच्या रविवारी प्रार्थना चढू लागली आणि काकांचा हात खिशात गेला. या खिशात, मग त्या खिशात. ओठ हलू लागले होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठून पुढं गेलो आणि सकाळीच वाण्याकडून घेतलेली पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन लवंगा तोंडात टाकल्या आणि ओठ मिटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

‘दाढ लई दुखतीय वाटतं,’ कंपाउंडर माझ्या कानाशी म्हणाले.

‘लई,’ मी म्हणालो.