बाबाजींच्या प्रेशरचे दोन डोंगर

कोरगावच्या बाबाजींनी स्वतःचं ब्लडप्रेशर कधी पाहिलं नव्हतं. मोजायचे मात्र रोज. सकाळी चहाच्या आधी ते मेजाशी बसत, दंडाला पट्टा गुंडाळत, बटण दाबत आणि डोळे घट्ट मिटून घेत. पट्टा फुगायचा, दंड आवळायचा, सैल पडायचा, आणि मशीन बारीक आवाजात आपलं काम झाल्याचं कळवायचं. मग बाबाजी चाचपडत पट्टा काढून ठेवत आणि मशीनकडे पाठ करून उठत. आकडा बघितला की तो वाढतो, असं त्यांचं पक्कं मत होतं. शिवाय वाढलेला आकडा बघितला की तो आणखी वाढतो. तेव्हा न बघणं हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होता.

या माणसाने सगळी नोकरी वीजखात्यात लाइनमन म्हणून केली होती. वादळात खांबावर चढायला दुसरे कचरले की बाबाजी पुढे व्हायचे. पण निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांच्याबरोबरचा एक लाइनमन दाढी करता करता झटका येऊन खाली बसला तो पुन्हा उठला नाही. त्या दिवसापासून बाबाजी दाढी करतानासुद्धा एका हाताने भिंत धरत. मस्कतला असलेल्या श्रीनाथला, म्हणजे त्यांच्या मुलाला, हे कळलं आणि त्याने प्रेशर मोजायचं मशीन पाठवून दिलं. मुलाने प्रेमाने पाठवलं, पण बापाच्या भीतीला त्यामुळे घरात हक्काची जागा मिळाली.

आकडे वाचण्याचं काम गौरवीकडे होतं. ती धाकटी मुलगी. म्हापशाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती आणि स्टॅटिस्टिक्स शिकत होती, त्यामुळे घरातले सगळे आकडे तिच्याच गळ्यात पडत. मशीन मागचे आकडे लक्षात ठेवायचं. त्यातलं घड्याळ कोणीच लावलेलं नव्हतं, म्हणून प्रत्येक आकडा एक जानेवारीच्या बारा वाजताचाच दिसायचा, पण दिसायचा खरा. रविवारी गौरवी मशीन घेऊन बसली की बाबाजी काजूच्या बागेत निघून जात. "माका सांगू नाका, डॉक्टराक सांग," एवढं मात्र जाताना न चुकता बजावत.

पेडण्याच्या डॉक्टरांना वेळ कमी. त्यांनी गौरवीला सांगितलं होतं की सगळी जंत्री नको, सरासरी काढून आण. गौरवीने वरच्या आकड्याची सरासरी काढली ती दीडशेच्या जवळ गेली. डॉक्टरांनी खात्री करायला स्वतः मोजलं. दवाखान्याचा वास नाकात गेल्यापासूनच बाबाजींचं काळीज धडधडत होतं, त्यामुळे तिथे आकडा आणखी वर गेला. घरचं आणि दवाखान्यातलं जुळलं म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही. गोळी सुरू झाली आणि मीठ बंद झालं.

मीठ बंद म्हणजे काय, ते कोरगावातल्या माणसालाच कळेल. खारातला बांगडा गेला, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर गेली, लोणच्याची बरणी बाबाजींच्या नजरेआड हलवली गेली. त्यांची बायको सुलोचना दोन भांड्यांत माशाची दोन हुमणं करू लागली, एक घराचं आणि एक बाबाजींचं. बाबाजी आपलं हुमण तेराव्याला बसल्यासारखे जेवायचे.

पंधरवड्यात त्यांना चक्कर येऊ लागली. पाटावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. आता गोळी घेऊनही माणसाला चक्कर येते, याचा अर्थ रोग गोळीच्या हाताबाहेर गेला, असा बाबाजींनी सरळ हिशेब केला. त्यांनी गौरवीला पंपाच्या खोलीत नेऊन आपल्या पश्चात कोणता खटका आधी दाबायचा आणि कोणता दाबायचाच नाही, ते दाखवून दिलं. रोज संध्याकाळी मस्कतला व्हिडिओ कॉल लावून ते श्रीनाथकडे काहीही न बोलता बघत बसू लागले. श्रीनाथ बिचारा घाबरून विमानाची चौकशी करू लागला.

पुढच्या खेपेला सरासरी थोडी उतरली होती, पण पुरेशी नव्हती. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. त्यानंतरच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात, केळी विकणाऱ्या बायकांच्या अगदी समोर, बाबाजी गुडघ्यात वाकले आणि हळूच खाली बसले. त्यांना वाटलं, झालं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि देवाचं नाव घेतलं. एका बाईने त्यांच्या तोंडात खारवलेल्या आवळ्याची फोड कोंबली, तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. मीठ पोटात गेलं म्हणून आता आपण नक्की मरणार, असं मात्र ते रिक्षात सगळ्या रस्ताभर सांगत होते.

ही बातमी मुळगावला पोचली आणि सुलोचनाचा भाऊ सखाराम दुसऱ्या दिवशी हजर झाला. सखारामाने अर्धं आयुष्य खाणीवर ट्रक चालवला होता आणि त्याला सगळ्यातलं थोडं थोडं कळायचं. तो आला तेव्हा गौरवी मेजावर कॉलेजचं काम करत होती. विनिता मॅडमनी वर्गाला सांगितलं होतं की प्रत्येकाने घरचे आकडे गोळा करून त्यांचा आलेख काढायचा आणि चार गोष्टी लिहायच्या: आकार कसा आहे, मध्य कुठे आहे, पसारा किती आहे आणि कळपाबाहेर सुटलेला एखादा आकडा आहे का. कोणी नारळांची वजनं आणली होती, कोणी बसला होणारा उशीर. गौरवीने बापाचं प्रेशर घेतलं होतं.

आलेख काढून झाला आणि ती त्याच्याकडे बघत बसली. मध्ये एक उंचवटा येऊन दोन्हीकडे उतार जायला हवा, असं तिला वाटलं होतं. इथे एकशेदहाच्या आसपास एक डोंगर होता, एकशेऐंशीच्या आसपास दुसरा, आणि मध्ये नुसती सपाट मोकळी जागा. आणि ती सरासरी, जिच्यावरून गोळी दुप्पट झाली, ती त्या मोकळ्या जागेत एकटी उभी होती. तेवढं प्रेशर एकाही सकाळी भरलेलं नव्हतं.

"हे दोन दोंगर कसले गो?" सखारामाने खांद्यावरून डोकावत विचारलं.

गौरवीने सांगितलं की हे बाबांचं प्रेशर आहे, एकदा असं असतं आणि एकदा तसं, आणि अधेमधे कधीच नसतं. सखाराम गंभीर झाला. एकाच माणसाच्या अंगात दोन प्रेशरं हे त्याने आजवर ऐकलं नव्हतं. खाणीवर असताना एकाला असं झालं होतं, असं त्याने लगेच सांगितलं, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगायचं मात्र टाळलं. "अर्धो मनीस हांगा आसा आनी अर्धो थंय गेला," तो आवाज खाली आणून म्हणाला.

बाबाजी दाराआडून ऐकत होते. भीतीला कान फार तिखट असतात. "थंय" म्हणजे तिकडे कुठे, हे त्यांना विचारावं लागलं नाही. ते तिथेच उंबऱ्यावर बसले, आणि पाणी द्यायला धावलेल्या सुलोचनाचा हात त्यांनी जो धरला तो बराच वेळ सोडला नाही. "आतां देवाक विचारया," सखारामाने निकाल दिला.

सोमवारी सकाळी देवळात कौल लावला. भटांनी देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर चांगलं, डावी पडली तर वाईट. बाबाजींना काही होणार नसेल तर उजवी दे, असं गाऱ्हाणं घातलं. बाबाजींनी अर्थातच डोळे मिटले होते. थोड्या वेळाने उजवी पाकळी अलगद खाली आली आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. तिथे थांबायला हवं होतं. पण सखाराम इतक्या लांबून आला होता, त्याने आणखी एक विचारायला लावलं. घरात सगळं बरं आहे ना? भटांचं बोलणं संपतं न संपतं तोच डावी पाकळी पडली.

देवाने दोन प्रश्नांना दोन उत्तरं दिली होती. या लोकांनी ती एकत्र ढवळून त्यांचीही सरासरी काढली. बाबाजी पूर्ण बरेही नाहीत आणि पूर्ण जाणारही नाहीत, असेच रेंगाळत पडणार, असा अर्थ सखारामाने लावला. बाबाजींना हा अर्थ सगळ्यात वाईट वाटला.

देवळातून गौरवी तशीच कॉलेजला गेली. विनिता मॅडमनी आलेख हातात घेतला आणि चार उत्तरं वाचायच्या आधीच विचारलं, "हे आकडे कोणाचे आहेत?"

"बाबांचे."

"सगळे?"

मॅडम म्हणाल्या की एका माणसाचं प्रेशर वरखाली होतं, पण रोज उडी मारून मधली जागा ओलांडत नाही. बालवाडीतल्या मुलांची आणि त्यांच्या आयांची उंची एकाच आलेखात मांडली तर असे दोन डोंगर दिसतील, आणि सरासरी उंचीचं माणूस मात्र त्या खोलीत सापडणार नाही. "आकार बघायच्या आधी किती आकडे आहेत आणि कोणाचे आहेत ते बघायचं. तेच तू सोडलंस."

बसमध्ये गौरवीने पुन्हा मोजलं. जितक्या सकाळी झाल्या, त्याच्या दुप्पट आकडे होते. बाबा घाबरून दोनदा मोजत असतील, असं समजून तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. एक डोंगर बाबांचा. दुसरा कोणाचा, हे विचारायला घरात उरलं होतं तरी कोण?

दुसऱ्या दिवशी ती लवकर उठून दाराच्या फटीतून बघत उभी राहिली. बाबाजींनी डोळे मिटून मोजलं, पट्टा काढून ठेवला आणि पोदेराचा भोंगा ऐकून पाव घ्यायला बाहेर गेले. मग सुलोचना आली. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याचं जेवण उरकलं की त्याच ताटात स्वतःला वाढून घ्यायची. ताट काय आणि पट्टा काय. तिने तो अजून उबदार असलेला पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला आणि बटण दाबलं. तिने डोळे मिटले नाहीत. आकडा नीट वाचला, मशीन पदराने पुसून जागेवर ठेवलं आणि चुलीकडे वळली.

"आई, कितलें आयलें?"

सुलोचना दचकली, पण क्षणभरच. "येवपाचें तितलें आयलें. बाबांक चाय दी."

गौरवीने पुढे होऊन मशीन पाहिलं. एकशे ब्याऐंशी. "कवांपासून?"

"मशीन आयलां तेवांसून."

"आनी तूं कोणाकच सांगलें ना?"

"सांगून कितें करूं?" सुलोचनाने चुलीत फुंकर घातली. "घरांत एक माणूस भियेता, तितलें पुरो. दोघांय भियेलीं तर रांदतलो कोण?"

हे ऐकणारं आणखी एक माणूस दारात उभं होतं. बाबाजींच्या हातातले पावाचे उंडे एकेक करून खाली पडले आणि ते उचलायचं त्यांना सुचलं नाही.

त्या दिवशी डॉक्टरांकडे दोघं गेली. डॉक्टरांनी बाबाजींच्या गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. ठणठणीत माणसाला दुप्पट गोळी आणि अळणी जेवण, मग चक्कर येणार नाही तर काय, असं ते म्हणाले, आणि आपण काय बोलतो आहोत ते लक्षात येऊन घाईघाईने सुलोचनाकडे वळले. गोळ्या तिला लागू झाल्या. हुमणाच्या भांड्यांची आता अदलाबदल झाली. खारातला बांगडा बाबाजींच्या ताटात परत आला. सखारामाने देवाचा कौल आपण पहिल्यापासून ओळखला होता असं सांगितलं आणि तो मुळगावला गेला.

गौरवीने मशीनचं घड्याळ लावलं आणि आकडे वेगवेगळे लिहायला घेतले. महिनाभराने तिने पुन्हा एकत्र आलेख काढला, मॅडमना दाखवायला. दोन डोंगर जिथल्या तिथे होते. मध्य तोच, पसारा तोच, मधली मोकळी जागासुद्धा तीच. नुसता आलेख बघणाऱ्याने सांगितलं असतं की त्या घरात काहीही बदललेलं नाही. पण गौरवीने नावं तपासली आणि ती खुर्चीत टेकली. आईचे आकडे खालच्या डोंगरात उतरले होते. वरच्या डोंगरावर आता बाबाजी होते.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. बाबाजींनी मनसोक्त जेवावं तर त्यांचं लक्ष ताटात नसायचं. सुलोचना विहिरीवर गेली की ते मागोमाग जाऊन कळशी हिसकावून घेत. ती गप्प बसली की का गप्प बसली म्हणून विचारत, बोलली की बोलू नकोस म्हणत. ती दुपारी जरा डोळा लागून पडली तर समोर खुर्ची ओढून तिचा श्वास बघत बसत. याच्यापुढे त्यांची स्वतःपुरती होती ती भीती काहीच नव्हती.

सांगणं भाग होतं. गौरवीने बाबाजींना खुर्चीत बसवलं, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि ते कोसळले तर धरता येईल अशी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुजें प्रेशर वाडलां. आज एकशें अठ्ठ्याहत्तर."

बाबाजींनी मान वळवली. ते कोसळले नाहीत. आकडा त्यांच्या कानात शिरला की नाही, हेसुद्धा कळलं नाही.

"माजें सोड गो," ते म्हणाले. "तिचें कितलें?"

"एकशें बावीस."

बाबाजींनी मोठा श्वास सोडला, डोळे पुसले आणि चहा मागितला.