बारा बुरखे, एक खांदा

ओरिता गुरुजींच्या बाहुलीनाट्य मंडळाची वेबसाइट नव्याने करायचं ठरलं, तेव्हा सर्वांत जास्त आनंद तेप्पेईला झाला. एका बाहुलीला तीन माणसं लागतात. त्यांतला पाय हलवणारा सर्वांत खाली, कमरेत वाकलेला. तेप्पेई अकरा वर्षं पायांवरच होता. त्याची म्हातारी आई दूर होक्काइदोत राहायची. तिला प्रवास झेपत नव्हता आणि मुलाला काम करताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं. जुन्या वेबसाइटवर कोणाचाच फोटो नव्हता. नवीन वेबसाइटवर कलाकारांचं स्वतंत्र पान होणार होतं.

गुरुजींनी नियम घालून दिला. लोकांनी बाहुली बघायची, माणूस नाही. तेव्हा फोटोही रंगमंचावरच्या काळ्या बुरख्यातच निघतील. आपला एकट्याचा चेहरा उघडा ठेवला तर चालेल का, असं तेप्पेईने चाचरत विचारलं. गुरुजींनी त्याचा पडलेला खांदा सरळ केला आणि निघून गेले.

बारा फोटो निघाले. तेप्पेईने आपला सर्वांत आधी पाठवला. वेबसाइट करणाऱ्या नोनोकाची यंत्रणा काटकसरी होती. तोच फोटो पुन्हा आला की ती पहिला ठेवून बाकीचे काढून टाकायची. बारा काळे बुरखे त्या यंत्रणेला एकच वाटले. तिने अकरा काढले आणि उरलेला एक बाराही नावांवर लावला.

कोणाच्याच लक्षात आलं नाही. प्रत्येकाने आपापला फोटो ओळखला. गुरुजींनी तर तेप्पेईला बोलावून स्वतःच्या नावावरचा फोटो दाखवला.

"बघ. अंग सैल आहे, पण तोल कुठे ढळत नाही. तुला इथवर यायला अजून दहा वर्षं लागतील."

तेप्पेईने मान डोलावली.

आठवड्याने फोन वाजला. गुरुजींनीच उचलला.

"मी तेप्पेईची आई. नर्सबाईंनी तुमचं पान दाखवलं. रागावू नका, पण बाराही कामं त्या एकट्याच्याच गळ्यात घातलीत होय?"

"बाराही?"

"डावा खांदा पडलाय ना त्याचा. लहानपणी तुतीच्या झाडावरून आपटला होता. बाराही ठिकाणी तोच आहे. तरीच म्हटलं, नवीन वर्षालासुद्धा घरी का येत नाही."

फोन ठेवल्यावर गुरुजींनी संगणकावर बाराही फोटो एकेक करून पुन्हा पाहिले. मग त्यांनी तेप्पेईला चार दिवस घरी जाऊन यायला सांगितलं. घोटाळा कळल्यावर, चूक दुरुस्त करू का, असं नोनोकाने विचारलं, तेव्हा म्हणाले, "तो येईपर्यंत राहू दे."

बाहुलीचे पाय त्या चार दिवसांत गुरुजींनी स्वतः धरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आरशात पाहिलं. डावा खांदा चांगलाच खाली आला होता. फोटो आता बराचसा त्यांचाच वाटत होता.