शब्दामागचे सामंत

‘उद्या टँकर येणार नाही.’ सोसायटीच्या सेक्रेटरीने फळ्यावर खडूने एवढंच लिहिलं होतं. ते वाचून सगळी बिल्डिंग आजच्याच टँकरकडे बादल्या, पिंपं, पातेली घेऊन धावली. सामंत तेवढे फळ्यासमोर हाताची घडी घालून उभे. मी दोन कळशा भरून जिना चढत होतो, तर मलाच अडवलं.

"गावडे, ‘उद्या’ हा शब्द आधी आलाय, बघितलंत? आधी आशा दाखवली आणि शेवटच्या शब्दाला काढून घेतली. काय विरोध साधलाय!"

"पाणी नाही, एवढंच म्हणायचंय त्याला," मी म्हटलं.

"शब्द सोडा हो. शब्दामागचं बघा."

हे त्यांचं पालुपद. नव्वदच्या दशकात तुळिंजला आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा पाणी नसेल हे ठाऊक होतं. समोरच्या दारात सामंत असतील हे कुणी सांगितलं नव्हतं. साठी उलटलेले, एकटे. एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. "तीस-पस्तीस वर्षं नुसते शब्द बघितले, आता मागचं बघतो," असं म्हणायचे. गिरीजच्या वाडीतून केळी घेऊन येणाऱ्या बाईच्या हाकेत त्यांना अनुप्रास सापडायचा. एकदा पाचूबंदरला आम्ही दोघे मासळी आणायला गेलो. मासळीवाली म्हणाली, "आत्ता पान्यातून काढलाय, जिता हाय बघ."

"मावशी, ही अतिशयोक्ती झाली," सामंत म्हणाले.

"अतिशयोक्ती नाय, पापलेट हाय. घ्यायचा तर घे, नायतर पुढं सरक."

इथवर मला हसू यायचं. पण रविवारी दुपारी त्यांच्याकडे रसग्रहणाची बैठक भरायची, आणि तिथे माझी बायको सुरेखा जायला लागली. सात-आठ माणसं बसायची. एक कविता नाहीतर एक गोष्ट घ्यायची आणि सामंत तिचे पापुद्रे सोडवत जायचे. प्रतिमा कुठली, सूचित काय, लेखकाने काय गाळलं. तिथून सुरेखा घरी आली की माझी पाळी.

"भाजी बरी झालीय," मी म्हटलं.

तिचं लाटणं थांबलं. "बरी? चांगली का नाही? सामंत म्हणतात, माणूस जो शब्द टाळतो, तो महत्त्वाचा."

सामंत म्हणतात! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. सरळच सांगतो, मी त्या माणसावर जळायचो. त्याच्या कानात केस होते, सदऱ्याचं एक बटण कायम गायब असायचं, तरी जळायचो. मी काही सांगायला लागलो की सुरेखाचा एक डोळा कुकरकडे. सामंत बोलत असले की तिला कुकरच्या शिट्ट्याही ऐकू यायच्या नाहीत. गॅस बंद करायला मीच उठायचो.

शेवटी मीही इरेला पेटलो. मी पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. कवितेशी माझा संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. तरी लग्नाच्या वाढदिवसाला कारखान्यातल्या एका जुन्या डिलिव्हरी-चलनाच्या पाठीवर आठ ओळी लिहिल्या. सुरुवात अशी होती: ‘तुझा डबा उघडला, की जगात दुपार होते.’

सुरेखाने वाचलं. लाजली. किती वर्षांनी तिने माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघितलं! आणि मग म्हणाली, "रविवारी सामंतांकडे नेते ही."

घ्या! आपणच आपल्या पायावर धोंडा.

रविवारी मीही गेलो आणि चपलांच्या स्टँडशेजारी बसलो. सामंतांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचला. मग घडी करून सुरेखाच्या हातात दिला.

"याचं रसग्रहण मी करणार नाही," म्हणाले आणि त्यांनी दुसरीच कविता उघडली.

टँकरच्या सूचनेचं करणारा माणूस! सुरेखाचा चेहरा पडला. बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली. रात्रभर मी आतल्या आत धुमसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तो थेट त्यांच्या दारात. ते स्वयंपाकघरात चहासाठी दूध तापवत होते. भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. आम्ही राहायला येण्याआधीच त्या वारल्या होत्या.

"कविता भिकार होती तर तसं म्हणायचं होतं," मी म्हटलं. "बायकोसमोर असं उडवून कशाला लावायचं?"

"भिकार?" सामंत वळले. "अहो, तुम्हाला डबा म्हणायचं होतं आणि तुम्ही डबा म्हटलंत. मागे काही ठेवलंच नाहीत. असं वाक्य मला झेपत नाही, गावडे. एक आहे माझ्याकडे, अजून सुटलेलं नाही."

मग ते फोटोकडे न बघता बोलले. पत्नीच्या छातीत अचानक कळ आली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. ती आत बसली, हे चढणार तोच ती म्हणाली, "अहो, गॅसवर दूध आहे, बघा." हे वर धावले. शेजारी तेवढ्यात तिला घेऊन निघाले, थांबण्यासारखं नव्हतंच. मागून हे दुसऱ्या रिक्षाने पोचले, तोवर सगळं संपलं होतं.

"तिला कळलं होतं का हो?" त्यांनी मला विचारलं. "मला ते बघायला लागू नये म्हणून मागे पाठवलं? की शेवटी मी जवळ नको होतो? काहीतरी असणारच ना त्या दुधामागे."



"सामंत, मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हटलं. "पण जाणारं माणूस दुधाची काळजी कशाला करेल? त्यांना परत यायचं होतं. संध्याकाळी घरी येऊन चहा टाकायचा होता. म्हणून सांगितलं."



"म्हणजे नुसतं दूध?"

"नुसतं दूध."

सुरेखा मला बोलवायला आली होती, ती दारातच उभी राहिली होती. आमच्या घरात कुकर शिट्टीमागून शिट्टी देत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्याकडेच बघत होती. इतक्यात सामंतांच्या गॅसवरचं दूध वर यायला लागलं. मी बटणाकडे हात नेला, तो त्यांनी हळूच बाजूला सारला.

"राहू द्या," ते म्हणाले. "मला सांगितलंय तिने."

आणि त्यांनी गॅस बंद केला.